‘मीच सोडते नोकरी’ म्हणतेय ती, पण मला पटत नाहीये

प्रश्न: ताई, नमस्कार. मी आणि बायको दोघंही नोकरीवाले. मुलगी दहा महिन्यांची आहे. बायको रजा संपवून कामावर रुजू झाली तेव्हापासून घरात नुसती पळापळ चाललीय. मुलीला डे-केअरला ठेवतो. माझा पगार १०० धरला तर तिचा ७०, त्यातले ४० डे-केअरचे, १० तिचं जाणंयेणं आणि वरखर्च, उरले २०. ती म्हणते एवढ्या २० साठी जीव कशाला काढायचा, मीच सोडते, दोन-तीन वर्षांनी बघू. त्यात मला प्रमोशन आलंय. बॉस म्हणाला आता बाप झालास, जबाबदारी वाढली, तुला गरज आहे. पण त्यात रात्री उशिरापर्यंत थांबावं लागणार, फिरतीही आहे. तिच्याकडे उलटं झालं, तिच्या बॉसने तिचा मोठा प्रोजेक्ट दुसऱ्याला दिला, तुला आता त्रास नको म्हणून. माझी आई म्हणते बाळाला आईच लागते, त्यात विचार कसला करायचा. हिशोब सगळा बायकोने सोडण्याच्याच बाजूने आहे, तरी काहीतरी खटकतंय आणि नेमकं काय ते सांगता येत नाही. खरं सांगायचं तर मला ते प्रमोशनही फारसं नकोय. हा वेडेपणा आहे का?
— एक गोंधळलेला बाप

उत्तर:

अरे, ताई म्हटलंयस तर मी सरळ अरे-तुरेच करते.

वेडेपणा अजिबात नाही. तुला जे खटकतंय ते तूच पत्रात लिहून ठेवलंयस की, ते दोन बॉस. एकाच बाळामुळे तुला वर चढवलं आणि तिला बाजूला सारलं, आणि दोघांनीही ते अगदी काळजीपोटी केलं, कोणी वाईट वागलं नाही, कोणी आवाज चढवला नाही, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. मग तुम्ही दोघं घरी कागद घेऊन बसता, त्यात तुझा पगार मोठा दिसतो नि तिचा लहान, आणि वाटतं चला, आकड्यांनीच ठरवलं, आपण काय करणार. पण ते आकडे काही आभाळातून पडलेले नाहीत ना, तुमच्याच ऑफिसांत ते तसे व्हायला सुरुवात झालीय, आत्ता, या वर्षी.

आणि हे फक्त तुमच्याच नशिबी आलंय असं समजू नकोस. अमेरिकेत शेली कॉरेल ही समाजशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २००७ मध्ये छापून आला. नोकरीचे बनावट अर्ज तयार केले, शिक्षण सारखं, अनुभव सारखा, फरक एवढाच की एकीच्या अर्जात ती शाळेच्या पालक संघाचं काम बघते असा उल्लेख, म्हणजे वाचणाऱ्याला कळावं की हिला मूल आहे. बस, तेवढ्यावर ती लोकांना कमी सक्षम वाटली, हिचं कामात मन कमी असणार असं वाटलं आणि तिला सुरुवातीचा पगार सुचवला तो वर्षाला सुमारे ११,००० डॉलरनी कमी. बापाला? बापाला काही तोटा नाही, उलट किंचित जास्तच सुचवला. पुढे त्यांनी खऱ्या कंपन्यांना अर्ज पाठवून पाहिले तर मूल नसलेल्या बाईला आईच्या दुपटीहून जास्त बोलावणी आली. तुझा बॉस आणि तिचा बॉस एकमेकांना ओळखतही नसतील, पण दोघं एकाच शाळेत शिकल्यासारखे वागले बघ.

जगभरचं चित्रही असंच आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१८ च्या अहवालात आहे की पाच वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या आयांपैकी ४७.६ टक्के कामधंद्यात होत्या, आणि तेवढीच लहान मुलं असलेल्या बापांपैकी ८७.९ टक्के. आता गंमत अशी की ज्यांना लहान मुलं नाहीत त्या पुरुषांचा आकडा ७८.२ आणि बायकांचा ५४.४. म्हणजे बाळ आलं की बाप जास्त कामाला लागतात आणि आया कमी. (मान्य, यात वयाचाही भाग असणार, लहान मूल नसलेल्यांत कोवळी पोरंही आली नि निवृत्तीला टेकलेलेही आले. पण मग पुरुषांचा आकडा वर आणि बायकांचा खाली, असं उलटसुलट कसं झालं?)

तुझ्या आईचं वाक्य घेते आता, कारण मला वाटतं तुझी खरी अडचण तिथेच आहे, आईसमोर बोलायला काही सापडत नाही. पहिले काही महिने बाईच्या शरीराला सावरायला लागतात, अंगावरचं दूध असतं, ते खरंच आहे, त्यावर वाद नको. पण पुढचं काय? डेन्मार्कमध्ये हेन्रिक क्लेवेन हा अर्थतज्ज्ञ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षांच्या सरकारी नोंदी तपासल्या. तिथे डे-केअरला सरकारचा हातभार, रजा भरपूर. मूल होण्याआधी बाई आणि पुरुष यांच्या कमाईच्या रेघा जोडीने वर चढतात. पहिलं मूल झालं की बाईची रेघ धाडकन खाली येते, साधारण ३० टक्क्यांनी, मग थोडी सावरते आणि दहा वर्षांनंतरही २० टक्क्यांच्या आसपास खालीच राहते. बापाच्या रेघेला पत्ताच नाही घरात बाळ आलंय याचा! काही बायका काम सोडतात, काही तास कमी करतात, काही घराजवळची, वेळेवर सुटणारी, कमी पगाराची जागा धरतात, आणि या तिन्हींचा वाटा जवळजवळ सारखाच निघाला. हीच लांब पल्ल्याची घट अमेरिकेत सुमारे ३१ टक्के, ब्रिटनमध्ये ४४ आणि जर्मनीत ६१. आता बाळंतपण काही जर्मनीत वेगळं आणि डेन्मार्कमध्ये वेगळं होत नाही.

त्याच लोकांनी पुढे दत्तक घेणाऱ्या जोडप्यांचे आकडे पाहिले. तिथे पोटात वाढवणं नाही, बाळंतपण नाही, काही नाही, तरी काही वर्षांनंतर आईच्या कमाईला बसलेला फटका जवळपास तेवढाच. आणि नॉर्वेत दोन बायकांच्या जोडप्यांचा अभ्यास झाला त्यात जिने जन्म दिला तिची कमाई सुरुवातीला जास्त पडते पण काही वर्षांत दोघी पुन्हा बरोबरीला येतात. तेव्हा आईला सांग, शांतपणे सांग, की बाळाला रोजचं तेच आपलं माणूस लागतं हे तुझं अगदी बरोबर आहे, पण ते एकच असायला पाहिजे असं नाही आणि ते मी पण असू शकतो. आईला पटेल का? लगेच नाही पटणार. तिला पटेपर्यंत थांबू नकोस एवढंच.

आता तुझा हिशोब. रागवू नकोस पण तो चुकीचा मांडलायस. डे-केअरचे ४० तू तिच्याच पगारातून वजा केलेस, का? मुलगी दोघांची ना. तू कामाला जातोस तेव्हाही तिला कोणीतरी सांभाळतंच की. दोघांच्या पगाराच्या प्रमाणात वाटलेस तर ४० पैकी साडेतेवीस तुझे आणि साडेसोळा तिचे. मग तिच्याकडे जाण्यायेण्याचा खर्च जाऊन साडेत्रेचाळीस उरतात, २० नाही. घरातले एकूण पैसे तेच राहतात, कबूल आहे. पण ‘२० साठी जीव काढायचा’ हे वाक्य तिच्या तोंडून येणं थांबतं, आणि माझ्या मते ती अर्धी त्या वाक्यामुळेच नोकरी सोडायला निघालीय.

दुसरं म्हणजे तू एकाच वर्षाचा हिशोब केलास. जरा पुढचा करू. दरवर्षी ८ टक्के पगारवाढ धरली, नुसती धरली हं, तुमच्याकडे कमी-जास्त असेल, तर तिचे आजचे ७० पाच वर्षांनी १०३ च्या आसपास होतात. समजा तिने तीन वर्षं घरी काढली आणि मग परत आली. मधे गॅप पडलेल्याला कोणी जुना पगार हातात आणून देत नाही, समजा ६० वर मिळाली. पुढच्या दोन वर्षांत ती पुन्हा ७० ला पोचली. म्हणजे पाच वर्षांनी ती तिथेच, आज आहे तिथे, आणि फरक ३३ चा, जो पुढे दरवर्षी चालूच राहणार. शिवाय घरी बसलेल्या तीन वर्षांत दरसाल कमीत कमी ते २० गेलेच, निवृत्तीसाठी जमणारी रक्कम थांबली ती वेगळी. आणि डे-केअरचे ४० काही जन्मभर नाहीत रे, मुलगी शाळेत जायला लागली की तो खर्च उतरतो. खर्च तात्पुरता आणि नुकसान लांबचं असा हा प्रकार आहे, आणि महिन्याचा कागद घेऊन बसलं की त्यात फक्त खर्च दिसतो. अजून एक गोष्ट, ती बोलायला नको वाटते पण बोलते, एकाच्याच पगारावर घर आणि उद्या त्याचीच नोकरी गेली किंवा तब्येत बिघडली तर काय, हाही आकडा त्या कागदावर नसतो.

‘दोन-तीन वर्षांनी बघू’ हे तर मी इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू. दोन-तीन वर्षांनी बहुतेक वेळा दुसऱ्या बाळाचा विषय निघालेला असतो, किंवा घराची सगळी घडी तिच्या घरी असण्याभोवती बसलेली असते, मग ती हलवायची कोणी. ऑस्ट्रियात १९९० मध्ये बाळंतपणानंतरची रजा एक वर्षाची दोन वर्षं केली तर बायका कामावर तेवढ्याच उशिरा परतायला लागल्या, आणि नोकरी राखून ठेवलेली असूनही मधल्या काळात त्या मागे पडल्याच. तिने तर राजीनामाच द्यायचा म्हटल्यावर परत यायला जागाही राखलेली नाही.

आता तुझं प्रमोशन, कारण गाठ तिथे आहे. क्लॉडिया गोल्डिन नावाच्या अर्थतज्ज्ञ बाईंना २०२३ मध्ये नोबेल मिळालं, एकटीने अर्थशास्त्राचं नोबेल घेणाऱ्या त्या पहिल्याच बाई. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की काही नोकऱ्या हावरट असतात. तासाला तास पगार देत नाहीत, रात्री-अपरात्री फोन उचलणाऱ्याला, आयत्या वेळी बॅग भरून निघणाऱ्याला चढत्या भावाने देतात. मूल नसताना दोघंही अशी नोकरी करू शकतात. मूल आलं की एकाला तरी घराच्या फोनला उभं राहावं लागतं, मग दुसरा ऑफिसच्या फोनला उभा राहतो, आणि ऑफिसचा फोन जास्त पैसे देतो म्हणून तो सहसा नवरा असतो. तुझं प्रमोशन म्हणजे हीच नोकरी. तू ते घेतलंस की तिची नोकरी टिकवणं खरंच अवघड होणार, कारण संध्याकाळी मुलीला आणायला रोज तिलाच जावं लागणार, मग ती मीटिंग अर्धी टाकून उठणार, मग तिचा बॉस अजून एखादं काम ‘त्रास नको म्हणून’ काढून घेणार, आणि सहा महिन्यांनी तुमचा हिशोब आजच्यापेक्षाही वाईट दिसणार. म्हणजे तिने नोकरी सोडायची की नाही हा प्रश्न खरं तर तुझ्या नोकरीचा आहे आणि तुम्ही तो तिच्या नोकरीवर बसून सोडवताय.

लगेच नाही म्हणून ये असं मी म्हणत नाहीये. बॉसला मोघम ‘घरी बाळ आहे, जमेल का बघतो’ असं सांगू नकोस, नेमकं विचार. उशिरापर्यंत थांबायचं ते आठवड्यातून किती दिवस, ते आधी ठरवता येतील का, फिरतीचं कधी कळणार, माझ्या जागी दुसरा कोणी उभा राहू शकतो का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. गोल्डिन यांनीच औषधांच्या दुकानातल्या फार्मासिस्टचं उदाहरण दिलंय, अमेरिकेत त्या धंद्यात एकाचं काम दुसरा सहज पुढे चालवू शकतो, सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर, त्यामुळे कमी तास काम करणाऱ्याला तासाच्या दरात फारसा फटका बसत नाही आणि बाई-पुरुषांच्या कमाईतला फरकही तिथे बराच कमी. तुझी टीम तशी चालवता आली तर तुझंच नाही, तुझ्या हाताखालच्या सगळ्या आईबापांचं भलं होईल. आणि बॉस म्हणाला नाही, माणूस कायम हजरच हवा, तर मग निदान काय घेतोयस आणि कोणाच्या पगारावर घेतोयस ते तरी कळलं.

बापाची रजा शिल्लक आहे का ते बघ. असली तर घे, आणि बायको कामावर असताना घे, दोघं एकत्र घरी बसण्यासाठी नको. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये २००६ पासून फक्त बापासाठी पाच आठवडे राखीव ठेवले, बापाने घेतले नाहीत तर ते आईला मिळत नाहीत, वायाच जातात, तर बाप भराभर रजा घ्यायला लागले, आणि त्यानंतर काही वर्षांनीसुद्धा त्या घरांत बाप घरकामाला जास्त वेळ देताना आणि आया पगारी कामाला जास्त वेळ देताना दिसल्या. पाच आठवडे एकट्याने बाळ सांभाळलं की ताप कधी अंगात मुरतोय हे कळायला लागतं, मग कोणाला विचारावं लागत नाही. याउलट जपानात बापाला कायद्याने वर्षभराची रजा होती पण २०१७ मध्ये वीस जणांत एखादाच घेत होता, कारण ऑफिसात लोक काय म्हणतील. पुढे सरकारने जोर लावला तेव्हा कुठे २०२३ पर्यंत तो आकडा ३० टक्क्यांवर गेला. तेव्हा तू मागायला गेलास की एखादा हसेल, टोमणा मारेल, धरूनच चाल.

आणि एक बारीक गोष्ट, उद्याच कर. डे-केअरच्या फॉर्मवर पहिला फोन नंबर कोणाचा आहे? पैज लावते, तिचा. तो बदलून तुझा टाक. मुलीला ताप आला, उलटी झाली, दात येतायत म्हणून रडतेय, की फोन पहिला तुला येऊ दे, तुझ्या मीटिंगमध्ये वाजू दे. मग तिथून ठरव की आज कोण जातंय. नवरे मला नेहमी लिहितात की ‘मी मदत करतो हो घरात’, आणि करतातही, भांडी घासतात, बाळाला झोपवतात, पण तो फोन मात्र कायम बायकोच्या पर्समध्ये वाजतो. दिवसभर कान तिकडे लागलेला असला की माणसाचं कामात डोकं कसं लागणार, तूच सांग. थोडे दिवस तूच अनुभव घे, त्याच्यावर मी अजून दहा परिच्छेद लिहिले तरी कळणार नाही एवढं कळेल.

बायकोशी मात्र आधी बोल, आणि ‘तू सोडू नकोस’ असं सांगायला जाऊ नकोस, ती पण एक जबरदस्तीच. तिला एवढंच विचार की डे-केअरचे पैसे दोघांचे धरले, आठवड्यातले अर्धे दिवस मी न्यायला-आणायला गेलो आणि रात्रीची उठबस वाटून घेतली, तरी तुला सोडावीशी वाटते का? तरी हो म्हणाली, तिला खरंच मुलीबरोबर घरी राहायचंय, तर बिनधास्त राहू दे, तो तिचा निर्णय, त्यात कमीपणा काही नाही. फक्त मग तिच्या नावावर दरमहा ठरलेली रक्कम जमा व्हायला हवी, बचतीत, निवृत्तीसाठी, जशी नोकरी असताना झाली असती, आणि ते तुझ्या पगारातून ‘देणं’ म्हणून नाही, घरखर्चातली पहिली ओळ म्हणून. पण माझा अंदाज असा आहे की ती थकलीय. थकलेला माणूस आधी त्याच्या हातात असेल ते सोडतो, आणि तिच्या हातात तिची नोकरी आहे, तुझी नाही.

तिच्या प्रोजेक्टचं पण राहू देऊ नका. तिने बॉसकडे जाऊन सरळ सांगावं की मला विचारल्याशिवाय माझ्यासाठी ठरवू नका, मला काम हवंय, आणि त्रास होईल तेव्हा मी स्वतः येऊन सांगेन. गेलेला प्रोजेक्ट परत मिळेल न मिळेल, पुढचा तरी हातचा जाणार नाही. हे तिनेच बोलायचंय, तू मधे पडू नकोस.

प्रमोशनचं उत्तर कधीपर्यंत द्यायचंय ते काही तू लिहिलं नाहीस. आठवडाभराची मुदत मागून घे, आणि तिचं तिच्या बॉसशी बोलणं आधी होऊ दे, तुझं नंतर, कारण तिला तिथे काय उत्तर मिळतं त्यावर तू तुझ्या बॉसकडे काय मागायचं ते ठरणार आहे.